कोचरेकरांचे तीस कीटक

तीस कीटक हवेत आणि ते किमान दहा गणांतले हवेत, असे किरण सरांनी फळ्यावर लिहिले, तेव्हा बाळा कोचरेकरांनी ते वहीत दोनदा उतरवून घेतले. एकदा लिहिलेल्यावर त्यांचा विश्वास नसे. वर्गात एकवीस विद्यार्थी होते. वीस जण बाविशीच्या अलीकडे-पलीकडे, आणि एकविसावे कोचरेकर, वय वर्षे सहासष्ट, एका ग्रंथालयातून निवृत्त. विलेपार्ल्याच्या त्या कॉलेजात कीटकशास्त्राच्या पदविकेला वयाची अट नव्हती. ती असायला हवी होती, असे कोचरेकरांना पहिल्या दिवसापासून वाटत होते. पण फी भरून झाली होती.

लेखी पेपरची त्यांना भीती नव्हती. कीटकाला पाय सहा, पंख असलेच तर बहुधा चार, आणि माणूस झाडावरून उतरायच्या कितीतरी आधीपासून ते उडत आहेत, हे सगळे त्यांनी पाठ केले होते. भीती होती ती संग्रहाची. प्रत्येक कीटक टाचणीवर टोचायचा, खाली चिठ्ठी लावायची, चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि पकडणाऱ्याचे नाव. संग्रहाला चाळीस मार्क होते आणि त्यात वेगळे पास व्हावे लागत होते. कोचरेकरांनी आयुष्यात डास सोडून काही पकडले नव्हते, आणि डासही बहुतेक वेळा सुटत असे.

शिवाय ही गोष्ट आता खाजगी राहिली नव्हती. दिंडोशीच्या त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी सुबोध याने 'आपले कोचरेकर काका युनिव्हर्सिटीत' असा मजकूर सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. त्यावर सत्तर जणांनी अंगठे दाखवले आणि एकाने चुकून श्रद्धांजली वाहिली. आता नापास व्हायचे तर सत्तर अंगठ्यांच्या साक्षीने.

कोचरेकर सरळमार्गी गृहस्थ. कॉलनीच्या मागे जंगलाची कड लागते. तिथे दहा मिनिटे उभे राहिले तरी तीस कीटक आपण होऊन अंगावर येऊन बसतात. पण परवानगीशिवाय झाडाचे पानही हलवायचे नाही, म्हणून ते एका सरकारी कचेरीत गेले. कुठल्या ते सांगत नाही; तिथला कारकून सज्जन होता. त्याने फॉर्म दिला. फॉर्मात रकाना होता, 'पकडावयाच्या कीटकांची नावे'.

कोचरेकर म्हणाले, "नाव पकडल्यावर कळेल. तोच तर अभ्यास आहे."

"नाव लिहिल्याशिवाय परवानगी नाही."

"आणि परवानगीशिवाय नाव नाही."

कारकुनाने पेन खाली ठेवले. इतका साधा पेच आपल्या फॉर्मात इतकी वर्षे होता आणि कुणाच्या लक्षात कसा आला नाही, याचे त्यालाच नवल वाटले. त्याने कोचरेकरांना चहा पाजला आणि सोसायटीच्या आवारात पकडायला कुणाची हरकत नसते, असे जाता जाता सुचवले.

तेव्हा कोचरेकर आवारात शिरले. हातात मच्छरदाणी शिवून केलेली जाळी, डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर टोपी. मीटररूमच्या मागे वाकून उभे राहिले की वॉचमन लांबून शिट्टी मारी. ओळख पटल्यावर सलाम करी, आणि तो सलाम शिट्टीपेक्षा जास्त लागे. तरी आठवड्याभरात एक चतुर, दोन नाकतोडे, एक फुलपाखरू आणि एक प्रार्थना कीटक असा ऐवज जमला.

कीटक मारायचे औषध कॉलेजातून घरी आणायला सरांची मनाई होती. घरी असाल तर फ्रीझरमध्ये ठेवा, झोपेतच जातात, असे सर म्हणाले होते. किती वेळ, हे कोचरेकरांनी दोनदा लिहून घेतले नव्हते. त्यांनी प्रार्थना कीटकाला श्रीखंडाच्या डब्यात घालून सुरमईच्या शेजारी ठेवले आणि दोन तासांनी बाहेर काढून डायनिंग टेबलावर चिठ्ठी लिहायला घेतली. चिठ्ठीवर 'दिंडोशी' लिहून होईतो कीटकाने एक पाय ताणला, मग दुसरा ताणला आणि तो शांतपणे टेबलाच्या कडेला चालत गेला. तिथे समोरच्या फ्लॅटमधल्या मालनताई बसल्या होत्या. त्या कोचरेकरांच्या पत्नी रत्नप्रभा वहिनींकडे वाटीभर तांदळाचे पीठ मागायला आल्या होत्या. पीठ न नेता गेल्या.

रत्नप्रभा वहिनी वेंगुर्ल्याकडच्या. त्यांनी श्रीखंडाचा डबा उघडून पाहिला, मग फ्रीझर उघडून पाहिला. आत नाकतोडे होते.

"माझ्या फ्रीजात हे कोण बसले आसत?"

कोचरेकरांनी गण आणि कुळ सांगितले.

"कुळ कित्याक? लगीन जमवूचा आसा काय?" असे म्हणून त्यांनी सुरमई बाहेर काढली, फ्रीझर दोनदा धुतला आणि खालचा एक कप्पा कोचरेकरांना तोडून दिला. पस्तीस वर्षांच्या संसारात घरातली एवढी मोठी जागा कोचरेकरांना प्रथमच मिळाली होती.

मालनताईंमुळे बातमी बारा मजले फिरली आणि मग देणग्या सुरू झाल्या. लोकांना कोचरेकरांच्या अभ्यासाचा नेमका अर्थ कळला नव्हता, पण काका किडे घेतात एवढे कळले होते. सकाळी दार उघडले की बाहेर काड्यापेट्या, औषधाच्या बाटल्या, एकदा तर प्रेशर कुकरचा डबा. आत बहुतेक झुरळे. कोचरेकरांना झुरळ एकच हवे होते आणि ते त्यांनी ब-विंगमधून घेऊन टाकले होते. हीच मोठी चूक झाली. आमच्या विंगमधले का नाही, असे अ-विंगवाल्यांनी विचारले. आमच्या झुरळात काय खोट आहे, असे सातव्या मजल्यावरचे एक निवृत्त इंजिनीअर अगदी शांतपणे म्हणाले, आणि तेव्हापासून लिफ्टमध्ये कोचरेकरांकडे पाठ करून उभे राहू लागले. शेवटी कोचरेकरांनी अ-विंगचेही एक झुरळ टोचले. विज्ञानाला त्याची गरज नव्हती, शेजारधर्माला होती.

सुबोधने मग नोटीस लावली: कीटक जमा करण्याची वेळ सकाळी नऊ ते दहा, रविवार बंद. कीटक जिवंत असल्यास झाकण घट्ट लावावे.

एप्रिलअखेर मोजणी झाली तेव्हा एकूण कीटक तीस आणि गण दहा भरले. कोचरेकरांनी यादी सरांना दाखवली. सरांनी ती पाहून एका ओळीवर बोट ठेवले. वाळवीचा स्वतंत्र गण आता धरत नाहीत. तिची वंशावळ नीट तपासली तेव्हा ती झुरळांच्याच घरातली निघाली, म्हणून तिला त्यांच्यात घालून टाकले आहे.

कोचरेकरांचे क्रमिक पुस्तक त्यांनी सवयीने ग्रंथालयातून आणलेले होते आणि ते बरेच जुने होते. दहाचे नऊ गण झाले. हे ऐकून सुबोध म्हणाला, "म्हणजे मर्जर झालं, काका. बँकांचं होतं तसं. खातं तेच, पासबुक नवीन." कोचरेकरांना मात्र स्वतःचीच शरम वाटली. कोट्यवधी वर्षांची ती सोयरीक, आणि आपल्याला पत्ता नाही. दहावा गण शेवटी त्यांच्या स्वतःच्या कपाटात मिळाला. जुन्या शब्दकोशाच्या 'क'मध्ये एक चंदेरी कसर निवांत जेवत होती. नियमाप्रमाणे चिठ्ठीवर ठिकाण 'शब्दकोश' असे लिहिता येईना, म्हणून 'दिंडोशी' लिहिले आणि ती वाळवीच्या जागी लावली.

तीस टाचण्या थर्मोकोलवर सरळ रेषेत लागल्या. खोका शर्टाचा होता. चार कोपऱ्यांत कोचरेकरांनी चार डांबराच्या गोळ्या ठेवल्या, कारण संग्रहाला किडे खातात, विशेषतः एका जातीचे केसाळ अळीवाले भुंगेरे खातात, असे पुस्तकात होते. त्या कुळाचे नाव डर्मेस्टिडी. त्यांनी ते पाठ केले होते, आकृतीही काढली होती.

परीक्षा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात होती. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सोसायटीने पेस्ट कंट्रोल ठेवले. सगळ्या बाजूंनी ऐवज कोचरेकरांकडे येऊ लागल्यावर, इमारतीत एवढे किडे आहेत हे कमिटीला प्रथमच आकडेवारीने कळले होते. म्हणजे तसे पाहिले तर हेही कोचरेकरांमुळेच.

पेस्ट कंट्रोलवाले येणार म्हणजे स्वयंपाकघर मोकळे करायचे. आता कोचरेकरांच्या घरात त्या दिवशी जपण्यासारख्या वस्तू दोनच होत्या. एक कोचरेकरांचा खोका. दुसरी रत्नप्रभा वहिनींची पावसाळ्याची बेगमी: दोन किलो सुकट आणि बोंबलाच्या चार माळा, बाजारातल्या मंजुळाकडून तासभर घासाघीस करून आणलेल्या. दोन्हींना औषधाचा फवारा लागता कामा नये. म्हणून नवराबायकोने विचारविनिमय करून सुकटीचा पत्र्याचा डबा आणि शर्टाचा खोका एकाच जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळले, वरून चादर बांधली, दोरीने आवळले आणि ते गाठोडे दिवाणाच्या पोटात ठेवून दिले. बांधण्यापूर्वी कोचरेकर दोरी आणायला गेले, तेव्हा वहिनींनी खोका उघडून चारही डांबरगोळ्या काढून टाकल्या. सुकटीला वास लागला असता. ही गोष्ट कोचरेकरांना आजही ठाऊक नाही.

नंतर तीन आठवडे त्यांनी गाठोडे सोडले नाही. हाताळले की कीटकांचे पाय गळतात, असे सर म्हणाले होते. ते दिवाणावर बसून पेपरचा अभ्यास करत. खाली आपला संग्रह सुरक्षित आहे, या जाणिवेने त्यांना अधूनमधून हलकेसे हसूही येई.

परीक्षेच्या दिवशी सकाळी त्यांनी गाठोडे सोडले, खोका न उघडता पिशवीत घातला आणि रिक्षाने पार्ल्याला गेले. बाहेरून आलेल्या परीक्षक डॉ. नमिता या बारीक अंगाच्या, चष्मा कपाळावर ठेवणाऱ्या बाई होत्या. शेजारी किरण सर. कोचरेकरांनी खोका टेबलावर ठेवला आणि झाकण उचलले.

टाचण्या सरळ उभ्या होत्या. चिठ्ठ्या सुवाच्य होत्या. मधे कीटक नव्हते. काही टाचण्यांवर पंख होते, एकीवर एक मांडी, बाकीच्यांवर नुसती धूळ. आणि थर्मोकोलवर, धष्टपुष्ट आणि केसाळ, दहा-बारा अळ्या फिरत होत्या. एक काळपट भुंगेरा अ-विंगच्या झुरळाच्या उरलेल्या पाठीवर बसून पंख झाडत होता.

किरण सरांनी डोळे मिटले. कोचरेकरांना प्रथम वाटले की आपण दुसऱ्याच कुणाचा खोका आणला. मग चिठ्ठीवर स्वतःचे नाव दिसले.

"हे काय आहे?" नमिता मॅडमनी विचारले.

आयुष्यभर लोकांनी विचारले त्याचे उत्तर द्यायची सवय असलेला माणूस. कोचरेकर म्हणाले, "डर्मेस्टिडी कुळ. ह्या अळ्या, बहुतेक शेवटच्या अवस्थेतल्या. हा प्रौढ. आणि ही त्यांची टाकलेली कात."

"आले कुठून?"

"आमच्या सुकटीतून असावेत."

मॅडमनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. मग एकेका टाचणीकडे बोट दाखवत गेल्या आणि कोचरेकर सांगत गेले. हा पंखावरचा काळा ठिपका म्हणजे चतुर. ही मांडी नाकतोड्याची, उडीसाठी जाड. ही नुसती धूळ दिसते, पण ती फुलपाखराच्या पंखांचे खवले आहेत. सत्तावीस जण त्यांनी त्यांच्या मागे उरलेल्या वस्तूंवरून ओळखले. सरांचे डोळे उघडले होते.

तोंडी परीक्षेत मॅडमनी साठापैकी सत्तावन्न दिले. पण संग्रहाला त्या मार्क देईनात. नमुनेच नाहीत तर कशाला देणार, असे त्यांचे म्हणणे, आणि ते चूक म्हणता येत नव्हते. मग किरण सरांनी अभ्यासक्रमाचे पुस्तक काढून एक ओळ दाखवली: 'संग्रह, किंवा त्याऐवजी एका जातीच्या जिवंत कीटकांची वसाहत, किमान शंभर.' मॅडमचा चेहरा एकदम बदलला. त्यांच्या कॉलेजात दोन वर्षे घोड्याची एक कवटी साफ व्हायची पडून होती, आणि हाडांवरचे मांस खरवडायला ह्या अळ्यांसारखा कारागीर नाही.

"घरी अजून असतील ना? उद्या बारापर्यंत आणा. चाळीसातले देते. फक्त वसाहत कुठून घेतली ते नीट सांगायचं."

कोचरेकर जवळजवळ धावत घरी आले. गॅलरीत वर्तमानपत्रावर सुकट पसरली होती. ती इतकी स्वच्छ होती की एकेक कोळंबी मोजता आली असती. डबा घासून उपडा घातला होता.

त्यांनी किड्यांबद्दल विचारले. वहिनी म्हणाल्या, कसले किडे. कोचरेकरांनी खोका दाखवला. वहिनींनी खोक्यात पाहिले, कोचरेकरांकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "ते तुमच्या किड्यांतून इले. माझ्या सुकटीत कधी किडो गावलो नाय." सकाळपासून चाळणी घेऊन आपण काय करत होतो, याविषयी त्या काही बोलल्या नाहीत. ऊन बरे होते म्हणून घातली, एवढेच.

आता उरले एकच. इमारतीत निम्मी घरे कोकणातली. मे महिन्यात प्रत्येक घरात सुकट. कोचरेकर, ज्यांनी महिनाभर लोकांचे किडे हात जोडून परत केले होते, ते दुपारी चारला हातात रिकामा डबा घेऊन निघाले.

"खयच्या तोंडान मागतलात?" वहिनींनी मागून विचारले.

खरोखर, कुठल्या तोंडाने मागायचे हे कोचरेकरांना मालनताईंच्या दारात कळले. घंटा वाजवून झाली आणि वाक्य सापडेना. तुमच्या सुकटीत किडे आहेत का, हे वाक्य मराठीत सौम्य करता येत नाही. त्यांनी प्रयत्न केला. मालनताईंचा चेहरा असा झाला, की त्यापेक्षा प्रार्थना कीटक परवडला.

"भावोजी, आमच्याकडे असलं काही नसतं," त्या म्हणाल्या. "बघा म्हणजे, पाचव्या मजल्यावर विचारा."

पाचव्या मजल्याने नवव्यावर पाठवले, नवव्याने ब-विंगमध्ये. अकरा दारे झाली. झुरळे लोकांनी हौसेने आणून दिली होती, कारण झुरळ सोसायटीचे असते, गटाराचे असते, शेजाऱ्याचे असते. सुकटीतला किडा मात्र घरच्या बाईचा असतो. एकीनेही कबूल केले नाही. इंजिनीअर फक्त म्हणाले, "आता आमची आठवण झाली."

बाजारात मंजुळाकडे गेले तर तिने फळीवरच्या सुक्या सोड्यांवर कापड ओढून घेतले. "काका, चार गिऱ्हाइकं उभी आहेत आणि तुम्ही माझ्याकडे किडका माल मागता? वहिनीला सांगू काय?" गिऱ्हाइकांनी कोचरेकरांकडे पाहिले. कोचरेकरांनी शेजारची वांगी पाहिली.

अंधार पडताना ते परत आले, तेव्हा डब्यात खोक्यातल्याच बारा अळ्या होत्या. शंभराला अठ्ठ्याऐंशी कमी. उद्या सत्तर अंगठ्यांना काय सांगायचे, याचा मजकूर त्यांनी मनात जुळवला. 'प्रकृतीच्या कारणास्तव' इथपर्यंत आला, पुढे गेला नाही. वहिनींनी ताट वाढले. त्यात सुकटीचे काही नव्हते.

सकाळी दूध घ्यायला कोचरेकरांनी दार उघडले. कडीला एक पिशवी अडकवली होती. तिच्या खाली दुसरी. पायपुसण्यावर आणखी पाच. कुणाचेही नाव नाही, चिठ्ठी नाही, जिन्यात चिटपाखरू नाही. आत मूठमूठ सुकट, एकीत बोंबलाची शेपटे, आणि सगळीकडे ती केसाळ, धष्टपुष्ट प्रजा.

वहिनी पदर खोचून बाहेर आल्या आणि पिशव्या चाचपू लागल्या. ही मालनची, अशी गाठ तीच मारते. ही नवव्या मजल्यावरची, तिच्याकडे जाडी सुकट येते. ही तर त्या इंजिनीअरच्या बायकोची, आणि सगळ्यांत जास्त किडे हिच्यातच. सहा पिशव्यांचे कुळ त्यांनी चिठ्ठीशिवाय सांगितले. कोचरेकरांनी मनातल्या मनात त्यांना साठापैकी साठ दिले. सातवी पुडी वर्तमानपत्राची होती. ती वहिनींनी हातात घेतली नाही.

"ही खयची कोण जाणा," असे म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या.

कोचरेकरांनी पुडी उलटी करून पाहिली. वर अर्धवट सोडवलेले शब्दकोडे होते, त्यांच्याच अक्षरात. सहा आडवे त्यांना परवा सुचले नव्हते. त्यांनी पुडी कॉलेजच्या पिशवीच्या तळाशी ठेवली आणि वरून बाकीच्या सहा ठेवल्या.

साडेअकराला नमिता मॅडमनी एकेका पिशवीतले किडे मोजून काचेच्या टाकीत ओतले. तीनशेच्या वर भरले. मॅडम एखाद्या लहान मुलीसारख्या टाकीवर वाकल्या होत्या. सातव्या पुडीपाशी त्या थांबल्या.

"ही वसाहत सगळ्यांत सशक्त आहे. एकट्या हिच्यात शंभर असतील. कुणाकडची?"

कोचरेकरांनी टाकीकडे पाहिले. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. उत्तर त्यांना येत होते.

"नाही सांगता येत, मॅडम."

"काल धुळीवरून फुलपाखरू ओळखलंत."

"हो. हे नाही येत."

मॅडमनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, एक मार्क कापला आणि सही केली. चाळीसापैकी एकोणचाळीस.

घरी आल्यावर कोचरेकरांनी निकाल सांगितला. गेटवरच निकाल विचारून घेतलेल्या सुबोधचा मजकूर ग्रुपवर त्यांच्या आधीच पोचला होता. वहिनींनी पुन्हा पुन्हा मार्क विचारून घेतले आणि मग विचारले, की एक खय गेलो.

"एका प्रश्नाचं उत्तर आलं नाही."

"वर्षभर येवढो अभ्यास करून?"

"हो ना," कोचरेकर म्हणाले, "सोपा होता."

वहिनी आत गेल्या, आणि थोड्या वेळाने तव्यावर सुकट पडल्याचा वास घरभर पसरला. कोचरेकर हात धुऊन पानावर बसले. पहिला घास घेण्यापूर्वी त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.